ज्या नाकाला लोणी कळत नाही

मित्राने एकाच बिअरचे तीन ग्लास माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "यातल्या एकात मी काहीतरी मिसळलंय. सांग कशात." तो घरी बिअर बनवतो, त्यामुळे असले खेळ त्याला सुचतात. मी तिन्ही ग्लास उजेडाला धरून पाहिले, फिरवले, हुंगले, घोट घेतले, मध्ये पाणी प्यायले, पुन्हा हुंगले. पाच मिनिटांनी उजवीकडच्या ग्लासावर बोट ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, ठोकून दिलं.

"अगं, मधला!" तो म्हणाला. "लोण्याचा डबा उघडल्यासारखा वास मारतोय. खरंच नाही येत तुला?"

खरंच येत नव्हता. त्याने ग्लास माझ्या नाकाला जवळजवळ टेकवला, तरी नाही. फक्त घोट घेतल्यावर जीभ किंचित तुळतुळीत झाल्यासारखी वाटली, तीही त्याने सांगितल्यावर.

मधल्या ग्लासात डायअॅसिटिल होतं, म्हणजे लोण्यासारखा वास येणारं एक रसायन. बिअरमधले दोष ओळखायचा सराव करणाऱ्यांसाठी त्याच्या कॅप्सूल मिळतात. एक फोडून बिअरमध्ये विरघळवायची. लिटरला मिलिग्रॅमचा दहावा भाग असला तरी सरावलेल्या नाकाला ते कळतं, आणि कॅप्सूलमध्ये त्याहून चांगलंच जास्त असतं. काही माणसांना मात्र हा वास उपजतच जाणवत नाही किंवा फार कमी जाणवतो. मी त्यांतली निघाले. आणि त्या संध्याकाळपर्यंत माझी तीनशेच्या वर परीक्षणं लिहून झाली होती. त्यांतल्या निदान वीसेक ठिकाणी 'आंबवण स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही' असं मी छातीठोकपणे लिहिलेलं होतं.

इथवर मी कशी आले ते सांगायला हवं.

सुरुवातीची माझी परीक्षणं वाचली की आता मान खाली जाते. छोट्या, स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या बिअर मिळतील तिथून आणायच्या, प्यायच्या आणि वहीत लिहायचं. पहिल्या चाळीसेक नोंदींत 'मस्त', 'भारी', 'ठीक' आणि 'पैसे वाया' यांपलीकडे काही नाही. मग मला शब्द सापडले. सापडले म्हणजे कॅनवर छापलेलेच. कॅनवर 'पॅशनफ्रूट, पाइन, ग्रेपफ्रूट' असं असलं की मला बरोबर तेच वास यायचे, त्याच क्रमाने. ताजं ग्रेपफ्रूट मी तोवर उभ्या आयुष्यात दोनदा खाल्लं असेन. अमेरिकन पेल एलला (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, पेल म्हणजे फिकट) हा वास चिकटला तो मुख्यतः कॅस्केड या हॉप्सच्या वाणामुळे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. कॅस्केड १९७२मध्ये बाजारात आला आणि सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीच्या पेल एलने १९८०नंतर तो गाजवला. पण हे मला तेव्हा कुठे माहीत! मी आपली ग्लासात नाक घालून लेबल वाचत होते.

मग गुणपत्रिका हाती आली. बिअरचे परीक्षक तयार करणारा 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' अमेरिकेत १९८५ साली सुरू झाला. त्यांच्या पत्रिकेत पन्नास गुण असतात: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर परिणामाला १०. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाट पडले. माझ्या वहीत रंग आणि फेस यांवर अर्धं पान भरलेलं असायचं आणि इथे त्याला पन्नासात तीन! वासाला त्याच्या चौपट. महिनाभराने कळलं, बरोबरच आहे ते. डोळा हा या कामातला सगळ्यांत लबाड साक्षीदार. एकदा मित्राने अपारदर्शक पेल्यात बिअर दिली. हलकी, कोरडी, भाजलेल्या पावाच्या कडेची आठवण करून देणारी. मी बिनधास्त 'तांबूस लागर' लिहून मोकळी झाले. (लागर म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर.) ती होती श्वार्त्सबिअर, जर्मन काळी लागर. ग्लासात पाहिली असती तर पहिल्या घोटाआधीच मी 'कॉफी, चॉकलेट, भारदस्त' लिहिलं असतं. बिअर काळी व्हायला एकूण धान्यात खरपूस भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं धान्य, थोडंसंच पुरतं. काळी म्हणजे जड हे समीकरण आपल्या डोळ्यांनी मांडलेलं. कितीतरी काळ्या स्टाउटमध्ये अल्कोहोल चार-साडेचार टक्केच असतं, म्हणजे फिकट पिवळ्या लागरपेक्षाही कमी.

पत्रिकेने मला क्रम शिकवला. ओतली की आधी नाक, मग डोळे, मग तोंड. फेस नुकता उठलेला असतो, बुडबुडे फुटताना सगळ्यांत हलके वास वर फेकत असतात, आणि ते दोन मिनिटांत उडून जातात. म्हणून पहिला हुंगा ग्लास नाकासमोरून नुसता सरकवत घ्यायचा. दुसरा ग्लास फिरवून, छोटे छोटे दोन-तीन. त्यानंतर नाक बधिर होतं. मग काय करायचं? स्वतःची बाही हुंगायची. हसू नका, सगळे तेच करतात. आपल्याच कपड्याचा ओळखीचा वास घेतला की नाक पुन्हा ताळ्यावर येतं. घोट घेतल्यावर तो तोंडभर फिरवायचा, गिळायचा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडायचा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराचसा भाग त्या सोडलेल्या श्वासात असतो. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोड, कडू, आंबट इतकंच उरतं. चिमूट सोडली की एकदम दिवा लागल्यासारखं होतं.

आणि बिअर फार थंड नको. बर्फासारख्या गार बिअरला वास नसतो आणि जीभही बधिर झालेली असते. फिकट लागर पाच-सहा अंशांवर चालते, पण एल दहा-बारा अंशांपर्यंत वर येऊ द्यावी. दणकट स्टाउट तर मी फ्रिजमधून काढून वीस मिनिटं विसरूनच जाते.

पत्रिका आली, क्रम आला, आता मी शहाणी झाले असं वाटलं. तिथून पुढे माझ्या फजितीचे दिवस सुरू झाले.

पहिली फजिती फेसाची. लागोपाठ तीन बिअरना मी 'फेस धरत नाही, अर्ध्या मिनिटात बसतो' असं लिहून गुण कापले. तिन्ही वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांच्या. चौथ्या वेळी मित्र शेजारी होता. एकाच बाटलीतून दोघांनी ओतून घेतली. त्याच्या ग्लासात साईसारखा फेस, दर घोटागणिक काचेवर जाळीची एकेक वळी सोडत खाली जाणारा. माझ्यात डबकं. त्याने माझा ग्लास घेऊन कडेवर बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. लालसर. लिपस्टिक! फेसाला स्निग्ध पदार्थाचं वावडं असतं. माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधले कडू अंश मिळून बुडबुड्याची भिंत उभी करतात; तेलाचा, मेणाचा अंश लागला की ती कोसळते. भांडी घासायच्या साबणाचा पातळ थर राहिला तरी तेच. ग्लास स्वच्छ नसला तर आतल्या बाजूला बुडबुडे काचेला चिकटून बसलेले दिसतात. तेव्हापासून माझे चाखायचे चार ग्लास वेगळे आहेत. ते नुसत्या गरम पाण्याने धुवायचे, उपडे घालून वाऱ्यावर सुकवायचे, फडक्याने पुसायचे नाहीत, आणि ओतण्याआधी गार पाण्याने विसळायचे. त्या तीन ब्रुअऱ्यांची मी वहीतल्या वहीत माफी मागितली.

दुसरी फजिती मात्र वहीत मावली नाही. एका छोट्या ब्रुअरीच्या गढूळ आयपीएची (इंडिया पेल एलची, म्हणजे हॉप्सचा भरपूर मारा असलेल्या बिअरची) मी जाहीर परीक्षणात साल काढली होती. 'हॉप्सचा पत्ता नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास. गोडसर, थकलेली. असली बिअर बाजारात आणायची हिंमत होते कशी?' हे शेवटचं वाक्य लिहिताना मला भलताच आनंद झाला होता, तो आजही आठवतो. चार दिवसांनी ब्रुअरचा निरोप आला. राग नाही, खुलासा नाही. फक्त एक प्रश्न: "कॅनच्या तळाची तारीख काय आहे, पाहून सांगता का?"

कॅन अजून कचऱ्यातच होता. काढून पाहिला. भरल्याला सात महिने झाले होते. विकणाऱ्याने तो फळीवर, साध्या तापमानाला ठेवलेला मी स्वतः पाहिला होता आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

बिअर व्हिस्की-रमसारखी नाही. बहुतेक प्रकारांना वय सोसत नाही. आत अडकलेला थोडासा प्राणवायू आपलं काम करत राहतो. आधी हॉप्सचा ताजेपणा जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो, मग मधासारखा एक चिकट गोडवा. गढूळ आयपीएमध्ये हॉप्सचा मारा मोठा, त्यामुळे तिची वाट सगळ्यांत आधी लागते. ब्रुअर लोकांत ३-३०-३०० असा एक ठोकताळा चालतो: ३२ अंशांना तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस, यांत बिअर साधारण सारखीच जुनी होते. हा काही भौतिकशास्त्राचा नियम नव्हे, पण लक्षात ठेवायला उत्तम. मी ज्या बिअरवर लिहिलं ती ब्रुअरने बनवलेली बिअर नव्हतीच. तिचा उरलेला सांगाडा होता.

परीक्षण मी खोडलं नाही. त्याच्या वर तारीख, कॅन कुठे ठेवलेला होता ते आणि माझी चूक लिहिली, आणि ताजा कॅन मिळवून पुन्हा लिहिलं. तोही मला थोडा जास्तच कडू वाटला, ते सांगायलाच हवं. चूक आपली होती म्हणून बिअर आपोआप चांगली होत नाही.

पण ठोकताळ्यावर माझा पुरता विश्वास बसेना. म्हणून एकाच दिवशी भरलेले सारखे चार कॅन घेतले. दोन फ्रिजमध्ये, दोन कपाटात. सहा आठवडे.

तपासणी कशी करायची हे मित्राने ठरवलं. तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. बस्स. ही त्रिकोणी चाचणी १९४०च्या दशकात कार्ल्सबर्गच्या लोकांनी बिअरसाठीच वापरात आणली, आणि आता खाण्यापिण्याच्या सगळ्या धंद्यांत ती रूढ आहे. (संख्याशास्त्र आणि बिअर यांचं सूत जुनंच आहे. १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली टी-चाचणी विल्यम गॉसेट यांची, आणि ते गिनेसच्या नोकरीत होते. मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता.) या चाचणीत डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच. म्हणजे सहा वेळा केली तर दोनदा नुसत्या नशिबाने. सहात पाच आले तरच 'हिला फरक कळतो' असं म्हणायला जागा.

आधी सवय म्हणून आम्ही दोन वेगळ्या ब्रुअऱ्यांच्या पेल एल घेतल्या. यांतल्या एकीला मी ४१ गुण दिले होते आणि दुसरीला ३३. आठ गुणांचा फरक, म्हणजे एक 'उत्कृष्ट' आणि दुसरी 'चांगली बरी'. सहापैकी माझे बरोबर आले दोन.

दोन.

मित्र काही बोलला नाही. त्याने ग्लास विसळायला घेतले, एवढंच. मी मात्र ती ४१वाली नोंद काढून वाचली. कॅनवरचं चित्र सुंदर होतं असं त्यात लिहिलेलं होतं. दोन वेळा.

मग फ्रिज विरुद्ध कपाट. इथे पहिल्याच फेरीत, ग्लास नाकाखालून सरकवताना मी थांबले. दोन ग्लासांतून संत्र्याची साल नखाने सोलल्यावर उडतो तसला तिखट शिडकावा. तिसऱ्यातून तेच संत्रं, पण साल दोन दिवस टेबलावर पडून वाळलेली, आणि मागे एक कोंदट, जुन्या वहीसारखा वास. कडवटपणाही वेगळा. ताज्या बिअरचा कडवटपणा जिभेवर येऊन लगेच निघून जायचा, कपाटातला घशात खरवडत बसून राहायचा. सहापैकी सहा. त्यानंतर मी एकही नोंद तारखेशिवाय लिहिलेली नाही. तारीख छापलेलीच नसेल तर गुण देत नाही, नुसतं वर्णन लिहिते. यावर एक-दोन ब्रुअऱ्या नाराज आहेत. तारीख छापा, असं मी त्यांना कळवलंय.

या सगळ्यात माझी भाषा बदलत गेली, त्याची गोष्ट वेगळीच. हॉप्सच्या बिअरवर ऊन पडलं की एक विशिष्ट दुर्गंध येतो. इंग्रजीत त्याला स्कंकचा वास म्हणतात. मीही अनेक परीक्षणांत 'स्कंकी' लिहिलं होतं. एका वाचकाने विचारलं, "ताई, तुम्ही स्कंक हुंगलाय का कधी?" आता हा प्राणी अमेरिका खंडातला. मी तो चित्रातच पाहिलेला. वास कुठून हुंगणार? हा प्रश्न मला फार लागला. मग मी एक हॉप्सवाली लागर दोन पारदर्शक ग्लासांत ओतली, एक खिडकीत उन्हात ठेवला, एक कपाटात. वीस मिनिटांनी दोन्ही जवळ घेतले. उन्हातल्याला एक उग्र दर्प सुटला होता. रबर तापल्यासारखा, त्यात लसणाची कुजकट छटा. उजेडाने हॉप्समधले कडू अंश तुटतात आणि त्यांतून गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा हा प्रताप. त्याचा रेणूमात्र अंशही नाकाला पुरतो. तपकिरी बाटली हे बरंच रोखते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाही, कॅन पूर्ण. त्या दिवशी वहीत लिहिलं: 'उन्हाने नासलेली. तापलेलं रबर, कुजकट.' मला स्वतःला वाचूनच वास आला.

मग लक्षात आलं, आपल्याकडे वासांच्या शब्दांचा दुष्काळ नाहीच. खवट, कुबट, करपट, वशट, हिरवट, आंबूस, खमंग, खरपूस, मातकट, उग्र. एकेक शब्द एकेका वासावर नेमका बसतो. 'रोस्टी' या एका शब्दात मी खरपूस आणि करपट दोन्ही कोंबत होते. वास्तविक चांगली स्टाउट आणि फसलेली स्टाउट यांतला फरक नेमका तोच आहे. सफरचंदाच्या कच्च्या फोडीचा वास येतो तो अॅसिटाल्डिहाइडचा, आंबवण पुरतं व्हायच्या आत बिअर काढली की राहतो; त्याला 'हिरवट' म्हटलं की झालं. जुन्या, नीट न ठेवलेल्या हॉप्सचा वास येतो घामट मोज्यांचा, आणि तिथे 'चीझी' लिहून सभ्यपणा आणायची मला गरज वाटत नाही. 'ज्यूसी' हा शब्द मी बंद केला. कुठल्या फळाचा रस ते सांगता येत नसेल तर तो शब्द म्हणजे नुसता उसासा.

वास नेमका पकडला तरी तो दोष की गुण, हे मात्र वास सांगत नाही. हे पचायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. जर्मन गव्हाच्या बिअरला, हेफेवाइत्सनला, लवंग आणि पिकलेल्या केळ्याचा वास यायलाच हवा. त्यात ना लवंग असते ना केळं, सगळी करामत त्या यीस्टची. हाच लवंगी वास पेल एलमध्ये आला तर आगंतुक यीस्टने घर केलंय असा संशय घ्यायचा. ओर्वाल ही बेल्जियमच्या मठातली बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट घालतात. ताजी असताना ती हॉप्सची, कडसर असते. वर्षभराने कोरडी पडते आणि गोठ्याचा, जुन्या चामड्याचा वास धरू लागते. लोक मुद्दाम ठेवून पितात. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा 'बिघडलेली' असं लिहून टाकणार होते. आता एकाच खेपेतल्या दोन बाटल्या घेते, एक लगेच, एक कपाटात लपवून. ताजी तीच चांगली हा माझा लाडका नियम तिच्यापुढे चालत नाही.

कडवटपणाच्या आकड्याचंही तसंच. लेबलवर आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) ६० वाचून घाबरायचं कारण नाही. माल्टचा गोडवा भरपूर असलेल्या इम्पीरियल स्टाउटमध्ये साठ लपून जातात आणि कोरड्या पिल्सनरमध्ये चाळीस टोचतात.

स्वतंत्र ब्रुअरी म्हणजे काय, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची 'क्राफ्ट', म्हणजे छोट्या आणि स्वतंत्र, ब्रुअरीची व्याख्या अशी: वर्षाला साठ लाख बॅरलपर्यंत उत्पादन, आणि क्राफ्ट नसलेल्या कुठल्याही मद्यकंपनीची मालकी किंवा ताबा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी. २०१७पासून त्यांनी उलट्या बाटलीचं एक चिन्हही दिलंय. पण चवीच्या टेबलावर हे चिन्ह मला नडलं. छोटे लोक, स्वतः धान्याची पोती उचलतात, रात्री उठून टाकीचं तापमान बघतात, असं मनात आलं की माझे दोन गुण आपसूक वाढायचे. एकदा मित्राने झाकून दिलेल्या दोन लागरांपैकी एकीला मी ३६ दिले, दुसरीला २९. ३६वाली एका अवाढव्य कारखान्याची निघाली. मी तणतणले, त्याच्यावरच आरोप केला. पण खरं सांगायचं तर साधी फिकट लागर ही बनवायला सगळ्यांत अवघड बिअर. हॉप्सचा ढीग नाही, फळ नाही, लाकडी पिंप नाही. एवढासा दोष झाला तरी लपायला आडोसा नाही. तिथे मोठ्यांची शिस्त कामाला येते. स्वतंत्र ब्रुअऱ्यांवर माझं प्रेम आहे ते त्यांनी केलेल्या धाडसांमुळे, त्यांतल्या फसलेल्यांसकट. पण प्रेम गुणपत्रिकेच्या मागच्या पानावर.

आता एका बैठकीत जास्तीत जास्त पाच बिअर, प्रत्येकी साठेक मिलिलिटर. हलकीकडून दणकटकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. मध्ये पाणी आणि कोरडा पाव. पूर्वी मी आठ-नऊपर्यंत जायचे. वही चाळली तर सहाव्या ग्लासानंतर एकही बिअर वाईट निघालेली नाही, आणि अक्षर वाचता येत नाही.

आणि लोणी? डायअॅसिटिल मुळात यीस्टच्याच कामातून तयार होतं आणि यीस्टच ते नंतर परत खाऊन टाकतं, फक्त त्याला वेळ आणि थोडी ऊब द्यावी लागते. लागर बनवणारे म्हणूनच शेवटी दोन-तीन दिवस टाकी जरा उबदार ठेवतात. घाई केली की लोणी मागे राहतं. बिअर ओतायच्या नळाच्या नळ्या स्वच्छ नसल्या तरी जंतू ते तयार करतात. म्हणजे छोट्या ब्रुअरीत सगळ्यांत सहज होणारा दोष, आणि नेमका तोच मला कळत नाही.

वर्षभर मी प्रयत्न केले. कॅप्सूल आणल्या, दुप्पट मिसळल्या, ग्लास कोमट करून हुंगले. वास आला नाही तो नाहीच. जिभेचा तो तुळतुळीतपणा मात्र आता दहात सहा-सात वेळा पकडते. आंधळ्याने भिंत चाचपत जावं तसं. त्यामुळे माझ्या प्रत्येक परीक्षणाखाली एक ओळ असते: 'लिहिणारीला डायअॅसिटिलचा वास येत नाही. त्याबद्दलचं मत दुसऱ्याचं.' दुसरा म्हणजे मित्र. सुरुवातीला ही ओळ लिहायची लाज वाटायची. मग एका ब्रुअरने कळवलं की त्याच्याही संघात असाच एक जण आहे, आणि तो हिरवट वास मात्र सगळ्यांच्या आधी पकडतो.

परवा त्याच तारीखवाल्या ब्रुअरने दोन बाटल्या पाठवल्या, लेबल नसलेल्या, नुसत्या अ आणि ब. नवी लागर, एकीला उबेचे दोन दिवस जास्त दिलेले. कुठली बरी, एवढंच विचारलंय. मी दोन्ही तासभर लावून चाखल्या. अ जरा जास्त गोल वाटली, ब कोरडी, आणि अमध्ये जीभ किंचित सरकल्यासारखी झाली. किंवा तसा भास झाला. तेवढं लिहून ठेवलं, ग्लास झाकले आणि मित्राला फोन लावला. तो जिना चढून आला, अचं झाकण काढलं आणि ग्लास हातात न घेताच हसायला लागला.